भिंगरीचं वारूळ

आमच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागली तेव्हापासून ती सरळ कधी चाललीच नाही. दारातून आत यायची ती गिरकी घेऊनच. लग्न झालं तरी नाव सुटलं नाही. जावईसुद्धा तिला भिंगरीच म्हणायचा.

ती पावसाळ्यात गेली. गेली म्हणजे जंगलात अळंबीच्या छत्र्या काढायला गेली आणि परत आली नाही. ओढ्याला अचानक लोंढा आला होता. वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता आणि खाली आमच्याकडे ऊन, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही. टोपली सापडली, खालच्या वळणावर एका झाडाच्या मुळांत अडकलेली. आत दोन-तीन छत्र्या चिकटून राहिल्या होत्या. भिंगरी सापडली नाही. लोकांनी कमरेला दोर बांधून डोह धुंडाळले, काठाकाठाने पार मोठ्या नदीपर्यंत जाऊन आले. मग एकेक जण घरी गेला. शेवटी मीही उठलो. तिची आई तेवढी काठावर बसून राहिली. तिला उचलून आणावं लागलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी सांगतोय ते मात्र गेल्या पावसाळ्यातलं.

आमच्या हिच्या माहेरच्या बायका जंगलातल्या छत्र्या काढून बाजारात विकत. आजी विकायची, आई विकायची, ही विकते. मी वखारीतला माणूस. मोठ्या करवतींना धार लावतो. लाकूड मला कळतं, पण आडवं झाल्यावरचं. उभ्या जंगलात ही पुढे आणि मी मागे, तेही क्वचित.

जंगलात छत्र्यांचे प्रकार किती, ते तिलाही सांगता येणार नाही. कुजक्या ओंडक्यावर कानाच्या पाळीसारख्या लोंबणाऱ्या. गळून पडलेल्या एकाच पानाच्या शिरेवर, केसाएवढ्या देठाने उभ्या राहणाऱ्या. काही ठरावीक झाडांच्या मुळांशीच येतात आणि ते झाड तोडलं की कायमच्या जातात. अशा किती जाती आमच्या वखारीने घालवल्या असतील कोण जाणे. पण सगळ्यांत मान वारुळाच्या छत्रीला. पांढरी, मधोमध टोक आलेली, आणि वाळवी नांदत असेल त्याच वारुळावर येणारी. एकदा आली की दरसाल त्याच जागी येते.

ती काढायचीही एक पद्धत आहे. बुडाशी दोन बोटांनी धरायचं, जरासं हलवायचं आणि ओढायचं नाही. ती यायला लागली की तिच्याबरोबर हात वर न्यायचा. मग जमिनीतून हातभर शेपूट बाहेर येतं, खाली निमुळतं होत गेलेलं. शेपूट नसेल तर ही ती छत्री टोपलीत टाकत नाही. तशाच दिसणाऱ्या खोट्या छत्र्या असतात, त्या माणसाला आडवं करतात. शेपूट म्हणजे छत्री खरोखर वारुळातून आल्याची खूण.

आणि त्यांच्या घरात एक रीत. मुलीला खरी-खोटी छत्री न चुकता ओळखता यायला लागली की आई तिला एक वारूळ देते. त्याला मग दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, खुद्द आईनेही नाही. मुलगी सासरी गेली तर आई तिच्या वतीने काढते आणि पहिल्या छत्र्या तिच्या घरी पोचवते. भिंगरीचं वारूळ ओढ्यापलीकडे होतं, दोन बुंध्यांच्या एका जुन्या झाडाखाली. मिळालं तेव्हा ती एवढीशी होती. घरी आली आणि मला म्हणाली, “बाबा, माझं स्वतःचं घर झालं. तुमचं अजून वखारीचंच.”

ती गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ही त्या वारुळाकडे जाऊन आली. टोपली भरलेली होती. ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “आल्यात. म्हणजे ती आहे.”

मी म्हटलं, “अगं, कुठे?”

“कुठेतरी. जिचं वारूळ तीच नसली तर छत्री येईल का?”

असं काही त्यांच्या घरात कोणी कधी मानत नव्हतं. हिची आजी वारली त्या साली तिच्या वारुळावर नेहमीपेक्षा जास्त छत्र्या आल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या बोटं चाटून खाल्ल्या होत्या. पण मी ते बोललो नाही. त्या दिवशी हिने कित्येक महिन्यांनी केस विंचरले होते.

जावई शहरात बस डेपोत मेकॅनिक आहे. हिचा निरोप गेला की तो सुट्टी काढून यायचा, नखांतलं ग्रीस घासून घासून काढून. ही त्याला वाढायची आणि सांगायची, “तिच्या वाट्याच्या आहेत. टाकायच्या नाहीत.” तो टाकायचा नाही. जेवण झालं की गळका नळ, निसटलेली कडी, हलणारं स्टूल, जे बिघडलेलं असेल ते नीट करून द्यायचा. ही बिघडलेल्या वस्तू त्याच्यासाठी राखून ठेवायची. एकदा मी नळाचा वॉशर स्वतःच बदलला, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो निरोप नसताना आला. बसला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी मागितलं.

“काय रे, डेपोतलं पाणी आटलं का?” ही म्हणाली. ती दारात बसून टोपलीची सुटलेली कड विणत होती.

“आई, एक बोलायचं होतं.”

“मग बोल की. बोलायला काय तिकीट लागतंय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक, मी मान हलवली.

“डेपोच्या मागे एक बाई राहते. बसच्या सीटची कव्हरं शिवते. नवरा वारलाय तिचा. तिचं माझं... बोलणं होतं.”

“माणसं बोलतातच.”

“तसं नाही. लग्नाचं बोलणं.”

हिचे हात थांबले नाहीत. कडेची एक फेरी पूर्ण झाली, मग दुसरी सुरू झाली. जावई हातातल्या रिकाम्या पेल्यात बघत बसला होता.

“या पावसाळ्यात तिची छत्री आली नाही,” ही अखेरीस म्हणाली, “तर तू मोकळा.”

“आणि आली तर?”

“तर तुला बायको आहे.”

“आई, मी आता वारुळाला विचारून लग्न करू का?”

“तू मला विचारायला आलास. मी कोणाला विचारायचं ते माझं मी बघेन.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो उठला, स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण सैल झालं होतं ते घट्ट करून दिलं आणि निघाला. मी त्याला स्टॉपपर्यंत सोडायला गेलो.

“बाबा, तुम्ही तरी काही बोला,” तो म्हणाला. “ती बाई थांबेल. पण तिचा बाप अंथरुणाला खिळलाय. त्याला डोळ्यांदेखत उरकायचंय. आणि मला... मला रोज रिकाम्या खोलीचं कुलूप उघडायचा कंटाळा आलाय हो.”

“बघतो,” मी म्हटलं. सगळ्यांना मी हेच म्हणतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडम राहायला आल्या. आमची पुढची खोली त्या दरसाल पावसाळ्यापुरती भाड्याने घेतात. बुरश्यांचा अभ्यास करतात. टेबलावर जाळीचे ट्रे, खाली पेटते बल्ब आणि ट्रेमध्ये वाळत घातलेले जंगलातले नाना प्रकार. खोलीला वास असा की ही म्हणायची, “मॅडम, तुमच्या अंगावर एखाद्या सकाळी छत्री उगवली तर मला आधी हाक मारा. शेपूट आहे का बघून घेऊ.” मॅडम पोट धरून हसायच्या. दोघींचं बरं जमायचं. फक्त आपली वारुळं कुठे आहेत ते हिने त्यांना कधी दाखवलं नाही आणि त्यांनीही गळ घातली नाही.

एकदा मी वखारीतून आलो तर ही बाजारात होती आणि मॅडमची खोली उघडी. टेबलावर कागदावर काहीतरी मांडलेलं.

“मॅडम, जळक्या काड्या कशाला गोळा केल्या?”

“काड्या नाहीत, बाबा. बुरशीच आहे. धरून बघा.”

बोटभर लांब, काळ्याशार, टोकाला राख लागल्यासारख्या पांढुरक्या. चामड्यासारख्या चिवट. जमिनीतून कोणाचीतरी बोटं वर यावीत तशा.

“कुठे मिळाल्या?”

“ओढ्यापलीकडे ते दोन बुंध्यांचं झाड आहे ना, त्याच्या खालच्या वारुळावर. मेलंय ते वारूळ.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“मेलंय कशावरून?”

मॅडमना कोणी विचारलं की आवडतं. “वाळवी आत शेती करते, बाबा. पालापाचोळा, लाकूड चावून आणते, त्याचे वाफे रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. तेच तिचं खाणं. तुमची पांढरी छत्री म्हणजे त्याच बुरशीने पावसात वर काढलेलं डोकं. आणि ही काळी म्हणजे शेतातलं तण. ती त्या वाफ्यांत पहिल्यापासून असतेच, लपून. पण वाळवी तिला वाढू देत नाही. रात्रंदिवस निंदणी चालू. मग कधीतरी राणी मरते, वाळवी संपते, निंदायला कोणी उरत नाही. तेव्हा ही वर येते.”

“आणि पांढरी?”

“त्या वारुळावर आता नाही. दुसरी वाळवी येऊन वसली तर पुढे कधीतरी. पण ते सांगता येत नाही.” मग त्यांनी एक काडी उलटी करून दाखवली. “गंमत म्हणजे बऱ्याचशा मोडलेल्या होत्या. एखादं जनावर खात असावं. हे मी कुठे वाचलेलं नाही.”

“मॅडम, हे हिला सांगू नका.”

भिंगरीचं त्यांना ठाऊक होतं. त्या दोन बुंध्यांच्या झाडाचं ठाऊक नव्हतं, ते आत्ता माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्यांनी काड्या कागदात गुंडाळल्या. “नाही सांगत,” म्हणाल्या.

मला जावयाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. रिकाम्या खोलीचं कुलूप मला कामावर असतानाही ऐकू यायचं. पण तो तरणा आहे, एखादा पावसाळा त्याला अजून निभेल, असं मी स्वतःला समजावलं. हिला निभणार नाही. ही त्या वारुळाशी जाऊन उभी राहील आणि काळी बोटं बघेल. ते माझ्या डोळ्यांसमोर यायचं आणि कानस हातातच राहायची. वखारीतला पोऱ्या विचारायचा, काका, झोपलात का.

मोठा पाऊस होऊन उघडीप पडली, हवा दमट आणि उकाड्याची झाली. छत्र्या येण्याचे दिवस. ही दुसऱ्या दिवशी जाणार हे मी तिने टोपली धुऊन पालथी घातली त्यावरून ओळखलं. पहाटे उठून मी तिला सांगितलं, लाकडाचा ट्रक लवकर येणार आहे. आणि पिशवी घेऊन जंगलाची वाट धरली.

ठरवलेलं असं होतं. हिचं स्वतःचं वारूळ अलीकडच्या चढावर आहे, ते मला माहीत होतं. तिथल्या थोड्या छत्र्या काढायच्या, भिंगरीच्या वारुळावरची काळी बोटं मोडून टाकायची आणि त्या जागी या रोवायच्या. हिला बघून मला निम्मं तरी येत असेल असं वाटलं होतं.

जंगल ठिबकत होतं. पायाखालचा पाचोळा दबत होता आणि जिथे माझा बूट तो उचकटत होता तिथे खाली पांढरे धागे दिसत होते, पानाला पान शिवल्यासारखे. एवढी झाडं, एवढी पानं दरसाल गळतात आणि तरी जंगल कधी पाचोळ्यात बुडत नाही, ते या धाग्यांमुळे. मॅडमनीच एकदा सांगितलं होतं. आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावर ताटल्यांसारख्या बुरश्या एकीवर एक चढल्या होत्या. माझ्या हिशेबाने ते लाकूड वाया गेलेलं. त्यांच्या हिशेबाने त्याचं काम चालू होतं.

हिच्या वारुळावर छत्र्या भरभरून आल्या होत्या. मी एक धरली, हलवली, ओढली. कट्. शेपूट आत, छत्री हातात. दुसरी कट्. तिसरी जपून धरली, तीही कट्. पिशवीत घातल्या तशाच. आता शेपटासाठी कुठे उकरत बसायचं? घाई होती.

ओढा गुडघाभर होता. तो ओलांडताना मी खाली वळणाकडे बघत नाही.

दोन बुंध्यांच्या झाडाखाली पोचलो आणि आधी मला काही कळलं नाही. काळी बोटं नव्हती. वारुळाच्या अंगावर नुसते खुंट होते, बुडापासून मोडलेले. काही वाळलेले, काही इतके ताजे की मोडलेली जागा आतून पांढरी दिसत होती. जनावराने खाल्लं असतं तर अर्धंमुर्धं टाकलं असतं. पाचोळ्याचा एक ढीग बाजूला लोटलेला दिसला म्हणून मी पायाने सारला. खाली मोडलेल्या काड्यांची रास होती. वरच्या चिवट, त्याखालच्या कोरड्या, आणि तळाशी नुसता काळा भुगा.

मला तेव्हाही उलगडलं नाही. मी मूर्खासारखा बोटाने भोकं पाडत बसलो आणि एकेक छत्री त्यात उभी करायला लागलो. कलायच्या. माती दाबायची, पुन्हा कलायच्या.

“वांगी लावताय का?”

ही मागे उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कमरेवर टोपली.

“ट्रक आला नाही,” मी म्हटलं.

“हो का? म्हणून इकडे आलात ट्रक शोधायला?” तिने खाली वाकून माझी एक छत्री उचलली, उलटी केली, बुडाकडे पाहिलं. “शेपूट कुठाय?”

“तुटलं.”

“आणि हिचं?”

“तेही.”

“माझ्या वारुळाची पार दैना केलीय कोणीतरी. मी म्हटलं, डुकरं शिरली. तर घरचंच निघालं.” आणि ती हसायला लागली. “आयुष्यभर करवतीचे दात परजलेत आणि एक छत्री सरळ उपटता येत नाही तुम्हाला!” हसताना तिला टोपली खाली ठेवावी लागली. टोपलीत पांढऱ्या छत्र्या होत्या. प्रत्येकीला लांब, धड शेपूट.

मी त्या छत्र्यांकडे बघत राहिलो. ती इथे यायच्या आधीच टोपली भरलेली होती.

“या कुठल्या?” मी विचारलं.

तिचं हसू गेलं.

“तुम्ही ठेवल्यात त्या. माझ्याच वारुळावरच्या.”

“आणि मोडतं कोण ही... ही काळी?”

“मीच. दुसरं कोण येतंय इथे?” ती झाडाच्या मुळावर बसली. गुडघा दुखत होता तो तिने दोन्ही हातांनी सरळ केला. “तिसरा पावसाळा आहे हा. पहिल्या साली एकही पांढरी आली नाही. मी रोज यायचे. म्हटलं, उशीर असेल. आणि मग एक दिवस ही वर आली. मला मॅडमनी सांगायला नको. आई सांगायची, काळी बोटं दिसली की त्या वारुळाकडे परत जायचं नाही.”

“मग दोन सालं जावयाला...”

“माझ्या वारुळावरच्या वाढल्या. काय करू? त्याला बोलावणार काय सांगून? नळ गळतोय म्हणून?”

वर कुठेतरी फांदीवरचं पाणी एकदम सांडलं आणि आमच्या दोघांच्या अंगावर आलं. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “तो येतो ना, तेव्हा फाटक वाजतं. तेवढं वाजल्यापासून तो दारात येईपर्यंत मला वाटतं, तो पुढे आलाय आणि ती मागून येतेय. चपला काढत असेल. एवढाच वेळ असतो तो. पण तेवढा वेळ ती असते.”

“मग त्याला उन्हाळ्यात असं का सांगितलंस? छत्री आली नाही तर मोकळा म्हणून? तुला तर ठाऊक होतं येणार नाही.”

“म्हणूनच सांगितलं.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “म्हटलं, एकदा तोंडातून गेलं की मागे फिरता येणार नाही. पावसाळा येईल, छत्री येणार नाही आणि आपोआप होऊन जाईल सगळं. त्या पोराने काय पाप केलंय? मग पाऊस आला. काल टोपली धुतली आणि आज पाय आपसूक माझ्या वारुळाकडे वळले.”

मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर मुळावर जागा नव्हती. तसाच पाचोळ्यात बसलो. वारुळाच्या कडेला एक काळं बोट राहिलं होतं, नुकतं वर येत असलेलं, नखाएवढं. माझा हात सवयीने तिकडे गेला, काहीतरी करायला हवं म्हणून.

“राहू दे,” ती म्हणाली.

मग ती रडेल असं वाटलं होतं, पण नाही. तिने माझ्या रोवलेल्या छत्र्या उपटून, माती झटकून माझ्या पिशवीत टाकल्या. “या आपण खाऊ. बिनशेपटाच्या कोणी घेत नाही.” आणि टोपली उचलून बाजाराला गेली. मी वखारीत उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली.

जावयाला निरोप गेला. तो आला तो दाढी करून, नवा शर्ट घालून. हिने पाट मांडला, ताट वाढलं. त्याने ताटाकडे पाहिलं आणि त्याचा हात ताटाशी थांबला. नेहमीचं जेवण होतं. तिच्या वाट्याचं काही नव्हतं.

“आली नाही,” ही म्हणाली.

मला वाटत होतं त्याचा जीव भांड्यात पडेल. निदान चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. पण तो तोंडावर हात दाबून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. इतकी वर्षं तो आमच्यासाठी येतो असं मी समजत होतो. त्यालाही कोणीतरी दरसाल सांगायला हवं होतं की ती आहे.

“जेव,” ही म्हणाली. “गार होतंय.”

तो जेवला. पाणी प्यायला. मग उठून नेहमीसारखा घरभर फिरला, नळ उघडून बंद करून बघितला, खिडकीची कडी हलवून बघितली.

“काही बिघडलेलं नाही,” ही म्हणाली. “यांनी सगळं नीट केलंय.” मी केलेलं नव्हतं. आदल्या दिवशी तिनेच वखारीतल्या सुताराला बोलावलं होतं.

निघताना तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “पुढच्या पावसाळ्यात येतो, आई. तिलाही घेऊन येतो. तिला सांगितलंय मी तुमच्याबद्दल. ती म्हणाली, मला चालेल, मी त्यांना आईच म्हणेन.”

“चांगली आहे.”

“मग येऊ ना?”

“नको.”

“आई—”

“रागाने नाही म्हणत. तू दारात आलास की मी तुझ्या मागे बघते. दरवेळी बघते. आता तुझ्या मागे खरंच कोणीतरी असेल आणि ती दुसरीच असेल. ते मला झेपणार नाही. तू तिकडे सुखाने राहा. यांना कधी शहरात काम निघालं तर हे येतील तुझ्याकडे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी “बघतो” म्हणालो नाही. म्हटलं, “येईन.”

तो गेला. फाटक वाजलं. ही दारातच उभी होती. स्टॉपवर बस आल्याचा, मग निघाल्याचा आवाज आला. तो आवाज पुरता विरल्यावर ती खाली बसली आणि तिच्या आतून एक आवाज निघाला जो मी आमच्या सगळ्या संसारात ऐकला नव्हता. ओढ्याच्या काठावरसुद्धा नाही. तिथे ती गप्प होती. आता ती भिंगरीला हाका मारत होती, जमिनीवर हात आपटत होती.

वखारीमागच्या खोल्यांमधून माणसं धावत आली. शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन आली. मॅडम खोलीतून बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनंतर काय बोलतात, ते कोणाला माहीत असणार? शेवटी शेजारीण खाली बसली आणि तिने हिचं डोकं पिठाच्या हातांनी आपल्या मांडीवर घेतलं. मग बाकीच्या बायकाही एकेक करून बसल्या. पुरुष बाहेर भिंतीपाशी उभे राहिले, अशा वेळी उभे राहतात तसे. कोणीतरी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

कोपऱ्यातल्या खोलीत एक ट्रक ड्रायव्हर नुकताच राहायला आला होता. त्याला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “कोण गेलं?”

“मुलगी.”

“अरेरे. कधी?”

जुने शेजारी माझ्याकडे बघायला लागले. मी वर्ष आठवायला गेलो आणि आतून हिचा आवाज येत होता.

“आज,” मी म्हटलं.

ड्रायव्हरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच, आमच्या भिंतीला टेकून उभा राहिला.